जुनी मोठी मोटार घेताना

बैल घेताना आपण काय करतो? नुसते रूप पाहून पैसे मोजत नाही. तोंड उघडून दात पाहतो. खूर उचलून पाहतो. पाठीवरून हात फिरवतो. चार पावले चालवतो. जमले तर औताला जुंपून पाहतो. सोबत एखादा जाणता माणूस नेतो. बैल बोलत नाही, पण त्याचे अंग बोलते.

जुनी मोटारही अशीच पारखून घ्यावी. मोटारीचेही अंग बोलते. तिचा धूर बोलतो, तिचा आवाज बोलतो, तिचे टायर बोलतात. ते आपल्याला समजले पाहिजे. नाहीतर वर्षभराच्या केळीचा पैसा गॅरेजात जातो.

मोठी मोटार कशाला लागते?

१९३६ सालच्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिलेच अधिवेशन. त्या काळी आपल्या भागात गाडी म्हटली की बैलगाडीच.

आता काळ बदलला. घरात आठ-दहा माणसे असतात. लग्नाला रावेरला जायचे असते. आजाऱ्याला भुसावळला किंवा जळगावला न्यायचे असते. मनुदेवीच्या दर्शनाला जायचे असते. कधी शेतात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी न्यायची असतात. लहान मोटारीत हे सगळे मावत नाही. मग घरात बोलणे निघते, "एखादी बोलेरो घेऊ. नाहीतर स्कॉर्पिओ बघू."

या गाड्या आपल्याकडे ओळखीच्या आहेत. टाटांची सुमो १९९४ साली निघाली. सुमंत मूळगावकर हे टाटांच्या मोटार कारखान्याचे मोठे कर्ते पुरुष होते. त्यांच्या नावातले 'सु' आणि आडनावातले 'मू' घेऊन 'सुमो' हे नाव ठेवले. महिंद्राची बोलेरो २००० साली आली. स्कॉर्पिओ २००२ साली आली. नव्या सुमो निघणे २०१९ साली बंद झाले. पण जुन्या सुमो अजून रस्त्यावर आहेत.

नवी मोठी गाडी दहा लाखांच्या घरात, नाहीतर त्याहून वर जाते. जुनी गाडी दोन-चार लाखांत मिळते. म्हणून माणूस जुनी पाहतो. त्यात वाईट काही नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाडीची किंमत जुनी होते, सामानाची किंमत जुनी होत नाही. दोन लाखांच्या जुन्या गाडीला क्लचप्लेट लागली, तर ती नव्याच भावाने घ्यावी लागते.

शिवाय मोठ्या गाडीचे वजन दीड-दोन टन असते. म्हणून तिचे टायर मोठे, ब्रेक मोठे, पाटे मोठे. इंजिनात तेलही पाच-सहा लिटर लागते. लहान मोटारीला जिथे एक रुपया लागतो, तिथे हिला दीड-दोन रुपये लागतात.

रंगाला भुलू नका

एक शेतकरी जुनी गाडी पाहायला गेला. मिस्तरीला सोबत घेऊन गेला.

शेतकरी म्हणाला, "मिस्तरीभाऊ, गाडी कशी चकाचक आहे बघा! रंग तर कालचाच वाटतो."

मिस्तरी म्हणाला, "दादा, रंग कालचा आहे म्हणूनच मला शंका येते. रंगाखाली काय झाकलंय ते आधी बघू."

मिस्तरी गाडीखाली वाकला. त्याने चासी पाहिली. चासी म्हणजे गाडीचा कणा. कण्यावर वेल्डिंगचे नवे डाग दिसले, तर गाडी कधीतरी जोरात आदळलेली असते. अशी गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते. तिचे टायर एका कडेने झिजतात. कणा मोडलेला बैल आपण घेत नाही. कणा वाकलेली गाडीही घेऊ नये.

दुसरी गोष्ट पुराची. २००६ सालच्या ऑगस्टात तापीच्या पुरात सुरत शहर बुडाले. त्याआधी २००५ सालच्या जुलैत मुंबईत पाणी भरले. अशा वेळी शेकडो गाड्या पाण्याखाली जातात. मग त्यांतल्या काही धुऊन-पुसून स्वस्तात विकायला निघतात. पूर पुढेही येतील, आणि अशा गाड्या पुढेही येतील.

बुडालेली गाडी कशी ओळखावी? पायाखालची चटई उचला. खाली वाळलेला गाळ दिसतो का? बैठकीचे बोल्ट गंजले आहेत का? आत कुबट वास येतो का? दिव्यांच्या काचेत पाण्याची रेघ आहे का? असेल तर ती गाडी सोडून द्या. तिच्या तारा आतून कुजतात. आज दिवा बंद पडतो, उद्या सेल्फ बंद पडतो. मिस्तरीलाही रोग सापडत नाही.

धूर काय सांगतो?

गाडी पाहायला सकाळी जा. मालकाला आधीच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गेल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. ते गार असले पाहिजे. गरम इंजीन आपले दुखणे लपवते. गार इंजीन खरे बोलते.

आता गाडी सुरू करा, आणि मागे उभे राहून धूर पाहा.

काळा धूर: डिझेल पुरते जळत नाही. हवेची जाळी धुळीने बुजली असेल, तर खर्च थोडाच. पण नोझल खराब असेल तर खर्च वाढतो. नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी तोटी. ती दुरुस्त करायला एकेका नोझलला तीन ते पाच हजार लागतात. नव्या बनावटीच्या गाडीत नवी नोझल घ्यायची तर दहा ते वीस हजार. अशा बहुधा चार नोझल असतात.

निळा धूर: इंजिनात तेल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, नाहीतर टर्बो तेल गाळत असेल. हे दुखणे मोठे आहे.

पांढरा धूर: थंडीच्या सकाळी थोडा वेळ आला तर चालतो. इंजीन तापल्यावरही येत राहिला, तर बहुधा पाणी आत जाते आहे. म्हणजे हेड गॅस्केट गेले असावे. इंजिनाच्या डोक्याखाली ही पातळ चकती असते. ती तेल आणि पाणी वेगळे ठेवते.

आणखी एक परीक्षा आहे. इंजीन चालू असताना तेल ओतायचे झाकण हळूच उघडा. आतून वाफेसारखा धूर जोराने भकभक बाहेर येतो का? येत असेल तर रिंगा गेल्या असे समजा. मग इंजीन खोलून नव्याने बांधावे लागते. त्याला साठ हजारांपासून लाखापर्यंत खर्च येतो. कधी त्याहून जास्त.

तेल मोजायची पट्टी ओढून पाहा. तेल काळे असेल तर घाबरू नका. डिझेल गाडीचे तेल लवकर काळे होते. पण तेल चहासारखे दुधट दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ती गाडी चालवूच नका.

उन्हाळा हीच परीक्षा

आपल्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. अशा उन्हात मोठी गाडी दहा माणसे घेऊन पालच्या बाजूला सातपुड्याचा चढ चढते. तेव्हा इंजीन भट्टीसारखे तापते. त्याला थंड ठेवण्याचे काम रेडिएटर करतो.

रेडिएटर गळत असेल, पंखा नीट फिरत नसेल, तर काटा लाल खुणेकडे जातो. तेव्हा गाडी लगेच थांबवावी. "भुसावळ आलंच आता, जाऊ तसेच," असे म्हणू नये. तेवढ्या दोन कोसांत हेड वाकडे होते. रेडिएटर बदलायला पाच-आठ हजार लागतात. हेड गॅस्केटचे काम दहा-पंधरा हजारांवर जाते. आणि इंजीन धरले, म्हणजे जागीच अडकले, तर लाखाचा खड्डा.

गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी उसळून तोंडावर येते. माणूस भाजतो. अर्धा तास थांबा, मग उघडा. रेडिएटरात नुसते विहिरीचे पाणी घालू नका. आपल्या पाण्यात क्षार असतात. ते नळ्यांत बसतात. कूलंट नावाचे औषध मिळते, ते सांगितलेल्या प्रमाणात घालावे.

टर्बो, क्लच आणि गिअर

बहुतेक डिझेल गाड्यांना टर्बो असतो. धूर बाहेर जाताना एक चक्र फिरवतो. ते चक्र इंजिनात जास्त हवा कोंबते. त्यामुळे ताकद वाढते. हे चक्र फार वेगाने फिरते. त्याला तेल पोचले नाही तर ते करपते. म्हणून लांबून पळवत आणलेली गाडी लगेच बंद करू नये. मिनिट-दोन मिनिटे तशीच चालू ठेवावी. एवढ्याने टर्बो जास्त वर्षे टिकतो. टर्बोची दुरुस्ती दहा-पंधरा हजार, नवा टर्बो पंचवीस-चाळीस हजार.

क्लचची परीक्षा चढावर करा. वरच्या गिअरमध्ये जोर द्या. इंजीन ओरडते, पण गाडी वेग घेत नाही? मग क्लचप्लेट घसरते आहे. आठ ते बारा हजार धरा.

गिअर टाकताना खरखर आवाज येतो का? चालता चालता गिअर आपोआप सुटतो का? मग गिअरबॉक्स खोलावा लागेल. पंधरा-पंचवीस हजार धरा. गाडी निघताना खालून "टक्" असा आवाज आला, तर मागच्या दांड्याचा क्रॉस झिजला आहे. त्याचा खर्च फार नाही. पण दुर्लक्ष केले तर दांडा धावत्या गाडीतून खाली पडतो.

काही इंजिनांत आत पट्टा असतो, काहींत साखळी असते. हा पट्टा ठरलेल्या मुदतीत बदलावा लागतो. तो तुटला तर इंजिनाचे आतले भाग एकमेकांवर आपटतात. मिस्तरीला विचारा, "या गाडीला पट्टा की साखळी? पट्टा कधी बदलला?" मालकाकडे पावती असेल तर पाहा.

चाके, स्टिअरिंग आणि ब्रेक

शेतरस्त्याच्या खड्ड्यांनी मोठ्या गाडीचे पाय लवकर दुखतात. गाडी सपाट जागी उभी करून समोरून पाहा. एका बाजूला झुकली आहे का? पाटा बसला असेल किंवा तुटला असेल. स्टिअरिंग थोडे हलवले तरी चाक वळत नाही? मग जोड ढिले झाले आहेत. बॉल जॉइंट, बुश, शॉकअप असे सगळे मिळून आठ ते पंधरा हजार.

टायरवर चार आकडे एका लहान चौकटीत छापलेले असतात. आता तुम्हाला आकडे वाचता येतात, तर ते वाचा. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी चांगली दिसली तरी फार जुना टायर उन्हात फुटतो. मोठ्या गाडीचा एक टायर पाच ते आठ हजारांचा. चार बदलायचे तर वीस ते बत्तीस हजार.

ब्रेकचा पाय दाबून तसाच धरा. तो हळूहळू खाली जातो का? जात असेल तर ब्रेकचे तेल गळते आहे. ब्रेकची दुरुस्ती तीन ते सहा हजारांत होते. सगळ्या खर्चात हा खर्च लहान, पण सगळ्यात आधी करायचा. इंजीन बंद पडले तर गाडी थांबते. ब्रेक बंद पडला तर गाडी थांबत नाही. आत आपलीच लेकरे बसलेली असतात.

वर दिलेले सगळे आकडे मोघम आहेत. गाडीप्रमाणे, सामानाप्रमाणे, गावाप्रमाणे ते कमी-जास्त होतात. दोन गॅरेजांत विचारून खरे आकडे लिहून घ्या.

हिशेब कागदावर मांडा

समजा, मालक गाडीचे तीन लाख मागतो. मिस्तरीने पाहून यादी दिली:

क्लच – १०,००० रुपये
चार टायर – २४,००० रुपये
बुश, बॉल जॉइंट, शॉकअप – १२,००० रुपये
बॅटरी – ७,००० रुपये
चार नोझलची दुरुस्ती – १६,००० रुपये
विमा व नावबदल – १५,००० रुपये
एकूण – ८४,००० रुपये

म्हणजे गाडी तीन लाखांची नाही. ती ३,८४,००० रुपयांची आहे.

आता उलटा हिशेब करा. समजा, तुमच्यापाशी ३,५०,००० रुपये आहेत. त्यातले ८४,००० दुरुस्तीला काढा. ५०,००० अडीअडचणीला बाजूला ठेवा, कारण जुन्या गाडीचे एखादे दुखणे पुढे निघतेच. राहिले २,१६,००० रुपये. तेवढीच किंमत तुम्हाला झेपते. मालक तेवढ्यात देत नसेल तर नमस्कार करून घरी या. गाड्या पुष्कळ आहेत. व्याजाने काढलेला पैसा मात्र पाठ सोडत नाही. केळीची बाग एका वादळात आडवी होते. कर्जाचा हप्ता आडवा होत नाही.

रोजचा खर्चही धरा. मोठी गाडी लिटरला बारा किलोमीटर चालली, तर महिन्याला हजार किलोमीटरला सुमारे ८३ लिटर डिझेल लागते. लिटरचा भाव ९० रुपये धरला, तर जवळजवळ ७,५०० रुपये झाले. गाडी घेणे एक, पोसणे दुसरे.

कागद वाचल्याशिवाय सही नको

गाडी चांगली, पण कागद वाईट, तर गाडीही वाईट. आर. सी. म्हणजे गाडीचा सातबारा. त्यावरचा चासी नंबर आणि इंजीन नंबर गाडीवरच्या नंबरांशी एकेक अक्षर जुळवून पाहा. मोबाइलवरच्या एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्येही गाडीच्या नंबरावरून माहिती दिसते.

आर. सी. वर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मालकाने दिला पाहिजे. नावबदलासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. कायद्याने घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नावबदलासाठी अर्ज करायचा असतो.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. त्याला फी आणि पर्यावरण कर पडतो. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी तो खर्च धरा.

बऱ्हाणपूर आपल्याला जवळ आहे. तिकडची गाडी कधी स्वस्त मिळते. पण ते मध्य प्रदेश आहे. गाडी कायमची इकडे आणायची तर तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. इथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि कर भरावा लागतो. तो खर्च आधी विचारा.

विकणाऱ्यानेही सावध असावे. गाडी विकली, पैसे घेतले, पण नाव तसेच राहिले, आणि पुढे अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालच्या एका निकालात सांगितले आहे, की ज्याच्या नावावर नोंद आहे तोच कायद्याने मालक. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. गाडी तीन-चार हातांत फिरली असली तरीही! म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देऊ नये, आणि तशी घेऊही नये.

पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने माणसे भरू नयेत. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. परवाना नसता अपघात झाला, तर विमा कंपनी पैसे नाकारू शकते. चार पैशांच्या भाड्यापायी शेत विकायची पाळी येते.

इसार द्यायचा तर थोडा द्या आणि पावती घ्या. पावतीवर तारीख, गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि दिलेली रक्कम लिहा. आज तुम्हाला वाचता येते. दुसऱ्याने वाचून दाखवले, त्यावर अंगठा दिला, असे आता नको. स्वतः वाचा, मगच सही करा.

लक्षात ठेवा

१. गाडी सकाळी, गार असताना पाहा.
२. आपला मिस्तरी न्या, मालकाचा नको. त्याची मजुरी द्या. पाचशे रुपये वाचवून पन्नास हजार घालवू नका.
३. कणा वाकलेली आणि पाण्यात बुडालेली गाडी घेऊ नका.
४. दुरुस्तीची यादी लिहून बेरीज करा. मगच भाव बोला.
५. पैसे देण्याआधी कागद जुळवा. नावबदल तीस दिवसांत करा.
६. गाडी घरी आली की सर्वांत आधी ब्रेक.

सोडवून पाहा

१. निळा धूर आला तर इंजिनात काय जळते?
२. टायरवर ४१२१ असे लिहिले आहे. तो कोणत्या वर्षी बनला?
३. गाडीची किंमत २,५०,००० रुपये आणि दुरुस्तीची यादी ६५,००० रुपयांची. गाडी खरी कितीला पडली?
४. तुमच्या गावात कोणी जुनी गाडी घेतली आहे का? पहिल्या वर्षी किती खर्च आला ते विचारा आणि वहीत लिहा.